कैवी सामुद्रधुनी आणि ‘बायकांना झेपणार नाही’ ही समजूत

हवाईतील मोलोकाई आणि ओआहू बेटांमधली कैवी सामुद्रधुनी उंच लाटा, वारे आणि प्रवाहांमुळे बदनाम आहे. १९५२ साली उलांडीच्या, म्हणजे तोल राखायला एका बाजूला तरंग बांधलेल्या, होड्यांची ‘मोलोकाई होए’ ही शर्यत तिथे सुरू झाली, तीही फक्त पुरुषांची. बायकांना हे पाणी झेपणार नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. ते साफ चूक आहे.

१९७५ साली महिलांच्या चमूंनी ही सामुद्रधुनी वल्हवत पार केली. १९७९पासून तर ‘ना वाहिने ओ के काई’ ही त्यांची स्वतंत्र शर्यत आहे.

या शर्यतींचं खरं कसब खेळाडू बदलताना दिसतं. होडीत सहा जणी वल्हवत असतात. सोबतच्या बोटीतून बदली खेळाडू पुढे पाण्यात उतरतात आणि ओळीने तरंगत थांबतात. सुकाणू धरणारी खेळाडू होडी नेमकी त्यांच्या अंगावरून न्यावी तशी जवळून नेते. त्या डावीकडून, उलांडीच्या बाजूने, काठ पकडून वर चढतात. दमलेल्या खेळाडू त्याच क्षणी उजवीकडे उडी घेतात. होडी थांबत नाही. इथे एकट्या दंडाची ताकद पुरत नाही. ताल आणि लाटेची जाण लागते. ती बायकांकडे नाही, असं मानायला मुळात आधारच नव्हता.