मडफ्लॅपवरचा रंग का सुटतो?

गाडीच्या पत्र्याशी जुळणाऱ्या रंगात मडफ्लॅप रंगवून घेण्याची हौस अनेकांना असते, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्या रंगाचे पोपडे निघालेलेही तितक्याच सर्रास दिसतात. दोष बहुधा रंगाला दिला जातो. खरे कारण फ्लॅपच्या प्लास्टिकमध्ये असते.

गाडीच्या अंगाला चपखल बसणारे साच्यातले बरेच मडफ्लॅप पॉलिप्रॉपिलीनचे किंवा त्यात रबर मिसळलेल्या मिश्रणाचे असतात. मागच्या बाजूला 'पीपी' अशी खूण उठवलेली असेल तर ओळख पटते. इटलीतील जुलिओ नात्ता यांनी 1954 साली, जर्मनीतील कार्ल त्सिग्लर यांच्या उत्प्रेरकांच्या आधारे, हे प्लास्टिक आजच्या उपयुक्त रूपात घडवले आणि 1963 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळून देण्यात आले. याच्या रेणूंच्या लांब साखळ्यांत कार्बन आणि हायड्रोजन यांखेरीज काहीही नसते. विद्युतभार सर्वत्र जवळजवळ समान वाटला गेल्यामुळे पाण्याला किंवा रंगातील ध्रुवीय (एका टोकाला किंचित धन, दुसऱ्याला किंचित ऋण भार असलेल्या) रेणूंना धरून ठेवता येईल अशी जागाच तिथे उरत नाही. पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे 72 मिलिन्यूटन, तर पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रवाला आपल्यावर पसरवून घेण्याची ओढ, त्याच मापात जेमतेम 30 च्या आसपास. म्हणून अशा फ्लॅपवर पाणी पसरत नाही, त्याचे मणी होतात. चिखल, पाणी, मीठ यांना दाद न देणारा हा गुण फ्लॅपच्या कामाचाच आहे, आणि तोच रंगकामाच्या आड येतो.

वॉटर पेपरने घासून खडबडीतपणा आणला की काम भागेल, ही समजूत अपुरी आहे. घासल्याने रंगाला यांत्रिक पकड थोडी मिळते, पण पृष्ठभागाचे रसायन तेच राहते. शिवाय मऊ प्लास्टिक जास्त घासले तर त्यावर बारीक तंतू उभे राहतात आणि रंगाखालून ते जाणवतात. यावर उपाय आहे तो क्लोरीनयुक्त पॉलिओलेफिन असलेल्या पारदर्शक प्लास्टिक प्रायमरचा. त्याच्या रेणूचा कणा पॉलिप्रॉपिलीनसारखाच असतो, त्यामुळे द्रावकाने पृष्ठभाग किंचित फुगला असता या साखळ्या प्लास्टिकच्या साखळ्यांत गुंततात, आणि त्यांवरील क्लोरीनमुळे वरच्या रंगाला पकड मिळते. हा थर अतिशय पातळच हवा. जाड मारला तर तोच कमकुवत ठरतो आणि रंग त्याच्यासकट सुटतो. कारखान्यात बंपर रंगवण्यापूर्वी अनेकदा त्यावरून ज्योत झपाट्याने फिरवतात. तिच्यामुळे पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट तयार होतात आणि रंग धरतो. गॅरेजमध्ये हाताने तसे करणे मात्र धोक्याचे आहे, कारण हे प्लास्टिक 165 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते.

प्रायमरच्याही आधी स्वच्छता येते, आणि माझ्या मते निम्मे काम इथेच ठरते. टायर आणि काळे प्लास्टिक चमकवणाऱ्या बऱ्याच पॉलिशमध्ये सिलिकॉन तेल असते. त्याचा पृष्ठताण रंगापेक्षाही कमी, म्हणून त्याचा पुसटसा अंश राहिला तरी ओला रंग तिथून मागे सरतो आणि वाटोळे खळगे पडतात. साबणाच्या पाण्याने धुऊन, मेणतेल काढणाऱ्या द्रावकाने पुसून मगच घासावे. उलट क्रमाने केले तर घाण ओरखड्यांत शिरते. निव्वळ रबरी फ्लॅप रंगवण्याच्या फंदात पडू नये. ओझोनपासून बचाव व्हावा म्हणून रबरात मुद्दाम घातलेली मेणे आणि रसायने सतत पृष्ठभागावर येत राहतात आणि त्यांच्यावर रंग टिकणे कठीण असते.

आता मार किती बसतो ते पाहू. गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने धावत असेल, तर गाडीच्या सापेक्ष टायरचा बाहेरचा पृष्ठभागही त्याच वेगाने फिरत असतो, म्हणजे सेकंदाला सुमारे 17 मीटर. त्यावरून सुटलेली खडी जवळजवळ तेवढ्याच वेगाने फ्लॅपवर आदळते. त्यात फ्लॅप वाकतो, आणि उन्हात पॉलिप्रॉपिलीन पोलादाच्या सुमारे दहापट प्रसरण पावते. पत्र्यासाठीचा कडक क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक संरक्षक थर, अशा ठिकाणी तडकतो, म्हणून त्यात लवचीकपणा आणणारे द्रव्य मिसळावे लागते. टायरकडची बाजू मूळ काळीच ठेवणे मला शहाणपणाचे वाटते, कारण सर्वाधिक मार तिलाच बसतो.

रंगाचा कोड बरोबर असला तरी धातूच्या चमकीचा रंग वेगळा दिसू शकतो. त्यातील ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म चकत्या कशा आडव्या पडतात, यावर उजळपणा ठरतो. फवारा ओला पडला तर त्या अस्ताव्यस्त होतात आणि समोरून पाहता छटा गडद भासते. त्याच तयारीने रंगवलेल्या टाकाऊ तुकड्यावर छटा आधी पाहावी, आणि रंग पुरता वाळल्यावर त्याच तुकड्यावर ब्लेडने बारीक चौकटी कापून चिकटपट्टी लावावी व झटक्यात ओढावी. पट्टीबरोबर चौकोन निघाले तर तयारी फसली असे समजावे.

दोन घटक मिसळून वापरायच्या क्लिअर कोटच्या हार्डनरमध्ये, म्हणजे थर कडक करणाऱ्या घटकात, सहसा आयसोसायनेट असते. दमट हवेत ते पाण्याशी अभिक्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडते आणि थरात बुडबुडे धरतात, म्हणून भर पावसाळ्यात हे काम टाळलेले बरे. त्याहून गंभीर बाब ही, की त्याचा फवारा श्वासावाटे गेल्याने रंगाऱ्यांना कायमचा दमा जडू शकतो. एकदा अशी संवेदनशीलता निर्माण झाली की पुढे अगदी अल्प प्रमाणही त्रास देते. धुळीसाठीचा साधा कापडी मास्क तिथे निरुपयोगी आहे. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि हवा खेचून घेणारी रंगखोली असेल, तिथेच हे काम करून घ्यावे.