कॅरॅमल सॉस आणि टार्टमधलं कॅरॅमल: साहित्य तेच, पदार्थ दोन

बदामाच्या टार्टचा पहिला तुकडा कापला आणि आतलं कॅरॅमल ताटलीभर पसरलं, की दोष बहुधा कवचाला दिला जातो, नाहीतर फ्रिजला. खरं कारण बहुतेक वेळा एकच असतं: सारणाच्या जागी सॉस ओतलेला असतो. दोन्हींत साखर, क्रीम, लोणी आणि मीठच लागतं, म्हणून "उरलेला सॉस टार्टमध्ये वापरा" असं सर्रास लिहिलं जातं. कृपा करून वापरू नका.

सॉस बहुतेकांना येतोच. साखर तांबूस करायची, गरम क्रीम आणि लोणी घालायचं, एकजीव झालं की उतरवायचं. तो चमच्यातून ओघळायलाच हवा, म्हणून त्यात पाणी राहू दिलेलं असतं.

सारणात हेच पाणी आटवायचं असतं आणि नेमका इथेच घोळ होतो. कॅरॅमलमध्ये तापमानं दोन असतात. पहिलं नुसत्या साखरेचं: १७० ते १७५ अंश सेल्सिअसला ती गडद तांबूस होते. या तापमानावर रंग, चव आणि कडवटपणा ठरतो, घट्टपणा नाही. क्रीम पडताच तापमान एकदम खाली येतं, कारण क्रीममध्ये निम्म्याहून जास्त पाणी असतं. पुढे उकळताना पाणी उडत जातं, तसतसं तापमान पुन्हा चढतं. घट्टपणा ठरतो तो या दुसऱ्या चढणीवर. १०५ च्या आसपास सॉस, ११५ ला सुरीने कापता येईल असं मऊ सारण, १२० ला चघळायची वडी. त्यामुळे "साखर अजून लाल करा, म्हणजे टार्ट घट्ट बसेल" हा सल्ला साफ चुकीचा आहे. त्याने कडू कॅरॅमल मिळतं, आणि तेही वाहतंच.

२३ सेंटिमीटरच्या टार्टसाठी २०० ग्रॅम साखर, ३५ टक्के स्निग्धांशाचं १५० मिली क्रीम, ८० ग्रॅम लोणी आणि अर्धा चमचा मीठ घ्या. क्रीम गरमच घाला. गार क्रीमने साखरेचे खडे होतात आणि मिश्रण अंगावर उडतं. मग मध्यम आचेवर ढवळत ११५ पर्यंत न्या. थर्मामीटरचं टोक भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, आकडा खोटा येतो. थर्मामीटर नसेल तर गार पाण्यात थेंब टाकून बघा. तो विरघळत पसरला तर अजून सॉसच आहे. बोटांनी मऊ गोळी वळता आली आणि ती दाबल्यावर सहज चपटी झाली, की गॅस बंद. "घट्ट दिसेपर्यंत शिजवा" या सूचनेचा काहीच उपयोग नाही, कारण गरम कॅरॅमल नेहमी पातळच दिसतं.

टार्ट सारणासकट पुन्हा ओव्हनमध्ये जाणार असेल तर ११० लाच उतरवा. उरलेलं पाणी तिथे उडतं. ११५ चं सारण भाजलं तर दाताला चिकटतं.

कॉर्नफ्लोअर घालून सॉस दाट करणं मला अजिबात पटत नाही. कॅरॅमलची चकाकी जाते आणि चव पिठूळ होते. फ्रिजही उपाय नव्हे. गारठलेला सॉस घट्ट वाटतो खरा, पण टेबलावर थोडा वेळ राहिला की परत वाहू लागतो.

बदाम अख्खे की काप, सालासकट की सोललेले, हा आवडीचा प्रश्न. मात्र २०० ग्रॅम बदाम १६० अंशांवर दहा-बारा मिनिटं भाजा आणि कोमट असतानाच सारणात मिसळा. गार बदामांभोवती कॅरॅमल लगेच आवळतं आणि कवचात सारखं पसरत नाही. कवच आधी पूर्ण भाजलेलं हवं.

सारण जास्त कडक झालंच, तर कवचात ओतण्याआधी दोन मोठे चमचे गरम क्रीम घालून पुन्हा उकळी आणा आणि थेंबाची परीक्षा परत करा.