इटलीतील क्रीडागारांची भ्रमंती

इटलीतील प्राचीन ॲम्फिथिएटरे, रथशर्यतींची मैदाने आणि आजची फुटबॉल स्टेडियमे पाहण्यासाठी केला जाणारा प्रवास. पुष्कळजण एकाच फेरीत सकाळी कोलोसियम आणि संध्याकाळी फुटबॉलचा सामना असा बेत आखतात. हा मेळ वरवरचा नाही. मध्ये मैदान, भोवती उतरती बैठक, बैठकीखालून जाणारे मार्ग आणि क्रमांक दिलेली दारे ही रचना रोमनांनी पक्की केली आणि आजचे स्टेडियमही तिच्याच आधाराने उभे आहे. ‘ॲरेना’ हा शब्दसुद्धा तिथलाच. लॅटिन ‘हरेना’ म्हणजे वाळू. झुंजींत सांडलेले रक्त शोषले जावे म्हणून ती मैदानात पसरत.

सुरुवात नेपल्सजवळच्या पाँपेई या प्राचीन शहरापासून करणे उत्तम. तेथील ॲम्फिथिएटर इ. स. पू. ७० च्या सुमाराचे असून आज शिल्लक असलेल्या दगडी ॲम्फिथिएटरांत ते सर्वांत जुने मानले जाते. मैदान जमिनीच्या पातळीखाली खोदून काढलेले आहे, आणि निघालेली माती भोवती रचून तिच्यावर बैठक केलेली आहे. वर चढायचे जिने भिंतीच्या बाहेरच्या अंगाला आहेत, कारण बैठकीखाली मार्ग काढण्याची युक्ती तेव्हा रुळली नव्हती. येथे सुमारे २०,००० माणसे बसत. इ. स. ५९ मध्ये खेळ चालू असताना पाँपेईचे लोक आणि शेजारच्या नुकेरियाहून आलेले प्रेक्षक यांच्यात शिवीगाळ झाली, दगडफेक झाली आणि शेवटी शस्त्रे निघाली. रोमच्या सीनेटने पाँपेईत असे खेळ भरवण्यावर दहा वर्षांची बंदी घातली. या दंगलीचे एक भित्तिचित्र नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. पाँपेई पाहणाऱ्याने ते चुकवू नये. प्रेक्षकांवर ताणलेले कापडी छत आणि बैठकीत एकमेकांवर तुटून पडलेली माणसे त्यात स्पष्ट दिसतात.

रोमचे कोलोसियम पाँपेईच्या ॲम्फिथिएटरनंतर दीडशे वर्षांनी आले. नीरोच्या महालातील कृत्रिम तळे बुजवून सम्राट व्हेस्पेझियनने ते बांधायला घेतले. त्याचा मुलगा टायटस याने इ. स. ८० मध्ये शंभर दिवसांचे खेळ भरवून ते खुले केले. एका सम्राटाने स्वतःच्या सुखासाठी घेतलेली जागा लोकांना परत दिली, असा त्यामागचा राजकीय संदेश होता. लंबवर्तुळाची लांबी १८९ मी., रुंदी १५६ मी. आणि उंची सुमारे ४८ मी. आहे. प्रेक्षकसंख्येचे अंदाज ५०,००० पासून वर जातात. खरे कौतुक करावे ते माणसांच्या ये-जा करण्याच्या व्यवस्थेचे. तळमजल्याच्या ८० कमानींपैकी ७६ कमानींवर क्रमांक होते आणि उत्तरेकडील उभ्या भिंतीवर कोरलेले रोमन आकडे आजही वाचता येतात. आपला क्रमांक पाहून आत शिरायचे, ठरलेल्या जिन्याने ठरलेल्या पट्ट्यात पोचायचे. खाली सीनेटर, वर सामान्य लोक, सर्वांत वर स्त्रिया व गुलाम अशी दर्ज्याप्रमाणे बैठक होती. मैदानाखालचे दालनांचे जाळे टायटसनंतरचा सम्राट डोमिशियन याच्या काळातले. जनावरे व देखावे वर उचलणारे पाळणे तेथे माणसांच्या बळावर चालत. तळघराचा समावेश असलेले तिकीट मिळत असेल तर तेच घ्यावे, वरून नुसत्या भिंती दिसतात.

मराठी वाचकाचा या वास्तूशी एक जवळचा धागा आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचे कोलोसियम पाहिले आणि कोल्हापुरात कुस्तीसाठी तसे मैदान असावे हे त्यांच्या मनाने घेतले, असे सांगितले जाते. खासबाग मैदान १९१२ मध्ये तयार झाले. कोलोसियमची भव्यता त्यात नाही, पण मुख्य गोष्ट महाराजांनी नेमकी हेरली: कुठेही बसले तरी मधल्या हौद्यातली कुस्ती दिसली पाहिजे. जिथे माणसे आणि जनावरे मारली जात, त्या जागेतून त्यांनी फक्त पाहण्याची सोय उचलली.

खेळ बंद पडल्यावर या वास्तूंचे काय झाले, हे पाहणे खेळांइतकेच मोलाचे आहे. कोलोसियमचा दक्षिण भाग १३४९ च्या भूकंपात कोसळला आणि त्याचे दगड रोमच्या इतर इमारतींना गेले. डोमिशियनने धावण्याच्या शर्यतींसाठी बांधलेल्या स्टेडियमवर रोममधील पिआत्सा नावोना हा चौक उभा राहिला; चौकाचा लांबट, एका टोकाला गोलसर आकार म्हणजे त्या स्टेडियमचाच ठसा आहे आणि जुने अवशेष जमिनीखाली पाहता येतात. लुक्का येथे तर ॲम्फिथिएटरच्या भिंतींना धरून घरेच बांधली गेली. मधल्या लंबवर्तुळाकार चौकात कमानीतून शिरताना आपण मैदानात उतरतो आहोत हे बऱ्याच प्रवाशांना कळतही नाही.

व्हेरोनाचे ॲरेना मात्र अजून कामात आहे. इ. स. पहिल्या शतकातील या वास्तूचे बाहेरचे कडे १११७ च्या भूकंपात पडले. आज त्याच्या चारच कमानी उभ्या आहेत. आतली बैठक शाबूत राहिली. संगीतकार व्हेर्दीच्या जन्मशताब्दीनिमित्त १९१३ मध्ये येथे ‘आयदा’ हा ऑपेरा झाला आणि उन्हाळी ऑपेरामहोत्सवाची परंपरा सुरू झाली. दगडी पायऱ्यांवर बसणारे प्रेक्षक अंधार पडला की लहान मेणबत्त्या लावतात. पायऱ्या दिवसभर तापलेल्या असतात, म्हणून बसायला उशी हवीच. प्राचीन क्रीडागार कसे वाटत असेल हे अनुभवायचे तर कोलोसियमपेक्षा व्हेरोना श्रेष्ठ, कारण तेथे माणूस बैठकीत बसतो. कोलोसियममध्ये तो फक्त फिरतो.

आधुनिक स्टेडियमांची पहिली मोठी लाट मुसोलिनीच्या राजवटीतली. रोममधील स्तादिओ देई मार्मी (१९३२) या मैदानाभोवतीचे संगमरवरी खेळाडूंचे पुतळे प्राचीन रोमचा वारसा सांगण्यासाठीच घडवलेले आहेत. त्याच काळातले फ्लॉरेन्सचे स्टेडियम पिएर लुइजी नेर्व्ही या अभियंत्याने काँक्रीटमध्ये बांधले. त्याचे बाहेर झेपावणारे सर्पिल जिने हे विसाव्या शतकातील बांधकामकलेचे देखणे काम आहे.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये जुने आणि नवे एकत्र आले. कुस्त्या मॅक्सेंशियसच्या बॅसिलिकात (प्राचीन रोमन सभागृहात), जिम्नॅस्टिक्स काराकाल्लाच्या स्नानगृहांत. अनवाणी धावणाऱ्या इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने मॅरेथॉन संपवली ती कोलोसियमशेजारच्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी. मिल्खासिंग ४०० मीटरमध्ये चौथे आले ते रोमच्या स्तादिओ ऑलिंपिकोवर. भारतीय प्रवाशाचे पाऊल त्या धावपट्टीपाशी रेंगाळते.

इटलीत झालेल्या १९९० च्या फुटबॉल विश्वचषकाने दुसरी लाट आणली. बारीचे सान निकोला हे वास्तुकार रेंझो पियानोचे स्टेडियम पाकळ्यांसारख्या २६ भागांत उमलते. पण इटलीतली बहुतेक स्टेडियमे नगरपालिकांच्या मालकीची असल्याने पुढे दुरुस्ती रेंगाळली. स्वतःच्या मालकीचे नवे स्टेडियम युव्हेंट्स या क्लबने २०११ मध्ये तुरिनला उघडले, तेव्हा ते अपवाद होते. नेपल्सच्या सान पाओलोला २०२० मध्ये मॅराडोनाचे नाव दिले गेले. व्हेनिसचे पेन्झो स्टेडियम बेटावर आहे, तेथे प्रेक्षक बोटीने येतात.

सामना पाहायचा तर तिकिटावर नाव छापलेले असते आणि दारावर ओळखपत्र दाखवावे लागते. पासपोर्ट जवळ ठेवावा. गोलामागची वळणाची बैठक म्हणजे ‘कुर्वा’. कट्टर पाठीराखे उभे राहून गातात ते इथेच. नवख्याने बाजूच्या बैठकीचे तिकीट घ्यावे. पाहुण्या संघाच्या लोकांसाठी वेगळा, कुंपण घातलेला भाग असतो. पाँपेईचे भित्तिचित्र पाहून आलेल्याला त्याचे कारण सांगावे लागत नाही. पाठीराख्यांना ‘तिफोझी’ म्हणतात, हा शब्द टायफस या तापावरून आला आहे.

या भ्रमंतीचे आधुनिक शिखर म्हणजे मिलानचे सान सिरो. १९ सप्टेंबर १९२६ रोजी इंटर आणि मिलान या शहरातल्या दोन क्लबांच्या सामन्याने ते उघडले. १९५५ मध्ये दुसरा मजला चढला, त्याच्या बाहेरून चढत जाणाऱ्या उतरंडींवरून माणसांची रांग सरकताना दिसते. १९९० च्या विश्वचषकासाठी ११ काँक्रीटचे मनोरे, तिसरा मजला आणि लाल तुळयांचे छत आले. ६ फेब्रुवारी २०२६ रोजी हिवाळी ऑलिंपिकचे उद्घाटन येथे झाले. समारोप व्हेरोनाच्या ॲरेनात. पण त्याआधीच, नोव्हेंबर २०२५ मध्ये, नगरपालिकेने सान सिरो दोन्ही क्लबांना विकले होते. शेजारी नवे स्टेडियम उभारून याचा बराचसा भाग पाडण्याची योजना आहे. इटलीत सत्तर वर्षे पुरी झालेल्या सार्वजनिक वास्तूला वारसा म्हणून संरक्षण मिळू शकते; दुसऱ्या मजल्याची सत्तर वर्षे भरायला अवघे काही दिवस उरले असताना हा व्यवहार पुरा झाला. ज्यांना ते पाहायचे आहे त्यांनी फार वाट पाहू नये.