पार्किन्सनमधले भास: दोष गोळ्यांचा की आजाराचा?

पार्किन्सनच्या रुग्णाला रिकाम्या खोलीत माणसं दिसू लागली की पहिला संशय गोळ्यांवर जातो. या आजाराच्या १८१७ च्या मूळ वर्णनात बुद्धी आणि इंद्रियं शाबूत राहतात असंच म्हटलं होतं. १९६० च्या दशकाअखेरीस लेव्होडोपा (या आजारात मेंदूत कमी पडणारं डोपामाइन हे रसायन भरून काढणारं औषध) आलं, भासांच्या नोंदी वाढल्या आणि सगळं खापर औषधावर फुटलं. पण नुसत्या डोसवरून कुणाला भास होतील हे सांगता येईना. वाढतं वय, स्मृतिभ्रंश, अधू नजर, झोपेतली बडबड-हातवारे यांचाही संबंध दिसत होता.

खरा वाद पार्किन्सनमधल्या सायकोसिसच्या, म्हणजे वास्तवाशी नातं सुटण्याच्या, २००७ च्या निकषांचा. अमेरिकेतल्या एका कार्यगटाने पाठीमागे कुणी उभं असल्याची जाणीव आणि खुंटीवरचा कोट माणूस वाटणं, हेही सायकोसिसमध्ये धरलं. अट अशी, की आजार सुरू झाल्यानंतर आलेली ही लक्षणं महिनाभर सतत किंवा पुन्हापुन्हा जाणवावीत. रुग्ण औषध घेतो का, 'हे खरं नाही' एवढं भान त्याला आहे का, यावर निदान अडत नाही. भान असलेल्या माणसावर इतका जड शिक्का कशाला, हा आक्षेप रास्तच. तरीही निर्णय योग्य होता. त्याआधीचा 'निरुपद्रवी भास' हा शब्द डॉक्टरांना गाफील ठेवत होता. यांतल्या अनेकांचं भान पुढे सुटतं. शिवाय एकही गोळी न घेतलेल्या रुग्णांतही असे किरकोळ भास नंतर आढळले.

उपचाराचा क्रम मात्र जुनाच आहे. आधी लघवीचा संसर्ग आणि शरीरातलं पाणी कमी होणं तपासायचं. मग पार्किन्सनचीच इतर औषधं, म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिलसारख्या गोळ्या, अमँटाडिन, डोपामाइन अ‍ॅगोनिस्ट (डोपामाइनसारखं काम करणारी औषधं), टप्प्याटप्प्याने कमी करायची. लेव्होडोपाला हात शेवटी. सगळं एकदम तोडलं तर ताप आणि जीवघेणा ताठरपणा येऊ शकतो. भासांवरचं नेहमीचं औषध हॅलोपेरिडॉल डोपामाइनच अडवतं, म्हणून ते वर्ज्य.

१९९९ मध्ये दोन चाचण्यांनी क्लोझापिन या सायकोसिसवरच्या औषधाचा उपयोग सिद्ध केला, तोही ६.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून ५० च्या आत. पांढऱ्या पेशी घटण्याच्या धोक्यामुळे सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. २०१६ मध्ये अमेरिकेत याच त्रासावरच्या पिमाव्हॅन्सेरिन या औषधाला मंजुरी मिळाली. ते डोपामाइनला धक्का लावत नाही, पण गुण यायला काही आठवडे जातात. प्रत्यक्षात क्वेटियापिन हे सायकोसिसवरचं तिसरं औषधच सर्रास लिहून दिलं जातं. चाचण्यांत त्याचा फायदा ठामपणे दिसलेला नाही. रक्ततपासणीची कटकट टळते, हेच त्यामागचं मोठं कारण.