निर्देशक भूमितीत चौरसाचं क्षेत्रफळ आणि परिमिती

चौरसाच्या फक्त चार शिरोबिंदूंचे निर्देशक, म्हणजे आलेखावरची जागा सांगणारे एक्स आणि वाय हे आकडे, दिलेत, बाजू किती ते कुठेच सांगितलेलं नाही, तरी क्षेत्रफळ आणि परिमिती दोन्ही निघतात, त्यासाठी अंतराचं सूत्र पुरतं. हे सूत्र म्हणजे पायथागोरसचं प्रमेयच, दोन बिंदूंच्या एक्समधला फरक आणि वायमधला फरक घ्यायचा, दोन्हींचे वर्ग करून बेरीज करायची आणि तिचं वर्गमूळ. भूमितीचे प्रश्न बीजगणिताने सोडवायची ही वाट फ्रेंच गणिती रने देकार्तच्या १६३७ च्या लिखाणातून रुळली. आपल्याकडे पुण्याच्या बालभारतीच्या पुस्तकांत निर्देशक नववीला भेटतात, अंतराचं सूत्र दहावीला, गणित भाग २ मध्ये.

समजा ए (१, २), बी (४, ६), सी (०, ९), डी (−३, ५). ए पासून बी पर्यंत फरक ३ आणि ४, म्हणजे ९ + १६ = २५, बाजू ५. परिमिती २०, क्षेत्रफळ २५ चौरस एकक, झालं.

पण त्याआधी हा चौरसच आहे ना, ते बघायला हवं, आणि इथेच खूप मुलं घाई करतात. चारही बाजू सारख्या आल्या म्हणून चौरस होत नाही, (०, ०), (५, ०), (८, ४), (३, ४) घेऊन बघा, चारही बाजू ५ येतात पण तो समभुज चौकोन आहे, क्षेत्रफळ फक्त २०. म्हणून कर्णही सारखे आहेत का ते तपासायचं. वरच्या चौरसात दोन्ही कर्णांचा वर्ग ५० येतो, बाजूच्या वर्गाच्या बरोब्बर दुप्पट. बिंदू उलटसुलट क्रमाने दिले असतील तरी हेच कामाला येतं, एका शिरोबिंदूपासून बाकी तिघांची अंतरं काढायची, सगळ्यात मोठं असेल तो कर्ण.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, क्षेत्रफळासाठी वर्गमूळ घ्यायचंच नाही! (०, ०) आणि (२, १) ही लागोपाठची टोकं असतील तर बाजूचा वर्ग ४ + १ = ५, तेच क्षेत्रफळ. मुलं आधी √५ चे २.२३ करतात, मग त्याचा परत वर्ग करतात आणि ४.९७२९ लिहून येतात, हातातलं अचूक उत्तर घालवून. परिमितीला मात्र मूळ लागतं, ४√५, आणि ते तसंच ठेवलेलं चांगलं.

समोरासमोरचे दोनच शिरोबिंदू दिले असतील तर कर्णाच्या वर्गाचं निम्मं म्हणजे क्षेत्रफळ, आणि परिमिती कर्णाच्या २√२ पट.

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांतून ग्राफ पेपर आणलात तर एक जरूर करून बघा. चारही शिरोबिंदू पूर्णांकांवर ठेवून १, २, ४, ५ क्षेत्रफळाचे चौरस काढता येतात, ३ चा काही केल्या येत नाही, कारण दोन पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज ३ होतच नाही.