निवडणूक खर्चमर्यादा आणि संयुक्त प्रचार (मराठवाड्यातील स्थानिक स्वराज्य संस्था)

स्थानिक स्वराज्य संस्थेच्या निवडणुकीत उमेदवाराने प्रचारावर किती पैसा खर्च करावा, यावर राज्य निवडणूक आयोगाने घातलेले बंधन म्हणजे खर्चमर्यादा. दोन किंवा अधिक उमेदवारांनी एकत्र केलेल्या प्रचाराचा खर्च त्यांच्या हिशेबात वाटून लावला जातो. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतील पाच महानगरपालिका (छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी व जालना), आठ जिल्हा परिषदा, नगरपरिषदा, नगरपंचायती, पंचायत समित्या आणि ग्रामपंचायती या सर्वांना हे नियम लागू आहेत. मर्यादा एकेका उमेदवाराची असते, प्रचार मात्र पॅनेलचा होतो. या विषयातले बहुतेक वाद या एका विसंगतीतून निघतात.

उगम व कायदेशीर आधार : खर्चमर्यादेचे मूळ कुठे धरायचे याबाबत एकमत नाही. काही अभ्यासक ते इंग्लंडमधील १८८३ च्या निवडणूक गैरप्रकारविरोधी कायद्यापर्यंत मागे नेतात आणि लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम ७७ हा त्याचा भारतीय वारसा मानतात. लोकसभा-विधानसभेपुरते हे मत पटण्याजोगे आहे. मात्र कलम ७७ स्थानिक निवडणुकांना लागूच होत नाही. शिवाय मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि जिल्हा परिषदा आल्या त्या १९६२ मध्ये, म्हणून या प्रदेशासाठी ही वंशावळ फार ताणता येत नाही. ७३ व ७४ व्या घटनादुरुस्तीने (अंमल १९९३) आलेले अनुच्छेद २४३-के आणि २४३-झेडए हा खरा आधार, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. या तरतुदींनुसार महाराष्ट्राचा राज्य निवडणूक आयोग १९९४ मध्ये अस्तित्वात आला. आपल्या क्षेत्रात राज्य आयोगाचे अधिकार भारत निवडणूक आयोगाइतकेच आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महानगरपालिका (२००६) या निकालात म्हटले आहे.

दोन्ही व्यवस्थांमधला एक फरक सहसा नजरेआड होतो. लोकसभा-विधानसभेचे आकडे केंद्र सरकारच्या नियमांत (नियम ९०) असतात, तर स्थानिक संस्थांचे आकडे आयोगाच्या आदेशाने ठरतात आणि आदेशानेच बदलतात.

पक्षाने केलेला खर्च उमेदवाराच्या नावावर धरायचा का, हा वाद जुना आहे. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला (१९७४) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराच्या संमतीने पक्षाने केलेला खर्चही धरावा असे म्हटले. त्याच वर्षी आधी वटहुकूम आणि मग कायदा करून संसदेने तो निष्प्रभ केला. २००३ च्या दुरुस्तीने ही सूट आकसली आणि मुख्यतः यादीतल्या नेत्यांच्या प्रवासखर्चापुरती उरली. ‘स्टार प्रचारक’ ही सोय तिथली. राज्य आयोगानेही ती स्वीकारली असून २०२५ मध्ये अशा प्रचारकांची संख्या २० वरून ४० केली. नेता हेलिकॉप्टरने आला तर तो खर्च उमेदवाराच्या माथी येत नाही, पण मंडप, खुर्च्या, भोंगे आणि मंचावरच्या उमेदवाराचा फोटो असलेले फ्लेक्स सामान्यतः त्याच्या हिशेबात धरले जातात.

मर्यादा : २०२५ च्या अखेरीस नगरपरिषदांसाठी आयोगाने ठरवलेले आकडे असे : ‘अ’ वर्गात थेट नगराध्यक्षपदासाठी १५ लाख व सदस्यपदासाठी ५ लाख रुपये, ‘ब’ वर्गात ११.२५ लाख व ३.५ लाख, ‘क’ वर्गात ७.५ लाख व २.५ लाख, नगरपंचायतीत ६ लाख व २.२५ लाख. महानगरपालिकांत छत्रपती संभाजीनगर ‘क’ वर्गात येते, तिथे ११ लाख. मराठवाड्यातील उरलेल्या चारही ‘ड’ वर्गात, तिथे ९ लाख. जिल्हा परिषदेची मर्यादा सदस्यसंख्येवर ठरते : ६१ ते ७० सदस्य असल्यास गटासाठी (जिल्हा परिषदेचा मतदारसंघ) ७.५ लाख व गणासाठी (पंचायत समितीचा मतदारसंघ) ५.२५ लाख, ५० ते ६० असल्यास ६ लाख व ४.५ लाख. त्यामुळे छत्रपती संभाजीनगर (६३ गट) आणि धाराशिव (५५ गट) या जिल्ह्यांत एकाच पदाची मर्यादा वेगळी आहे.

संयुक्त प्रचार : छत्रपती संभाजीनगर महानगरपालिकेत ११५ जागा २९ प्रभागांत विभागल्या आहेत. एक प्रभाग सोडता प्रत्येकात चार जागा असून अ, ब, क, ड असे चारही उमेदवार एकाच पत्रकावर, एकाच रिक्षाच्या भोंग्यावर आणि एकाच पदयात्रेत दिसतात. अशा खर्चाची समान वाटणी होऊन प्रत्येकाच्या दैनंदिन हिशेबात चौथा हिस्सा लागतो. वस्तूंचे दर आयोगाच्या यंत्रणेने ठरवलेल्या स्थानिक दरसूचीचे. पत्रकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या छापणे बंधनकारक असल्याने खर्च निरीक्षकाला निदान छपाईचा आकडा पडताळता येतो. चौघांची मिळून मर्यादा ४४ लाख होते. पण एकाची शिल्लक दुसऱ्याला वापरता येत नाही. प्रत्यक्षात पैसा बहुधा पॅनेलमधल्या एखाद्या सधन उमेदवाराचा असतो. कागदावर मात्र चार समान हिस्से दिसतात.

ग्रामीण भागात अडचण वेगळी. जिल्हा परिषदेच्या एका गटात पंचायत समितीचे दोन गण असतात आणि तिघांचे चेहरे एकाच जीपवर लागतात. समान वाटणी केली की कमी मर्यादेच्या गणातील उमेदवारावर तुलनेने जास्त भार पडतो. मर्यादेच्या प्रमाणात वाटणी करावी ही सूचना वाजवी आहे. नगराध्यक्ष आणि नगरसेवक यांच्या एकत्रित प्रचाराचेही तेच.

जाहिरातीतला वाटा किती महत्त्वाचा ठरू शकतो, हे नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघाच्या प्रकरणात दिसले. निवडणूक विधानसभेची (२००९) असली, तरी तत्त्व तेच. अशोक चव्हाण विरुद्ध माधवराव किन्हाळकर (२०१४) या निकालात, हिशेब खरा आहे का हे तपासण्याचा अधिकार भारत निवडणूक आयोगाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पक्षाच्या जाहिरातींतील आपला वाटा उमेदवार चव्हाण यांनी दाखवला नाही, असा निष्कर्ष भारत निवडणूक आयोगाने जुलै २०१४ मध्ये काढला. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये तो आदेश रद्द केला.

ग्रामपंचायत : २०१७ च्या आदेशात ७ ते ९ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याला २५ हजार, ११ ते १३ ला ३५ हजार आणि १५ ते १७ ला ५० हजार रुपये अशी मर्यादा होती, थेट सरपंचासाठी अनुक्रमे ५० हजार, १ लाख व १.७५ लाख. या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत. गावातले पॅनेल नोंदणीकृत नसते, त्याचा स्वतंत्र हिशेब कुणी मागत नाही. सरपंच आणि सदस्य यांच्यातली वाटणी त्यांच्याच कागदावर राहते.

हिशेब व अपात्रता : निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो, पराभूत उमेदवारालाही. न दिल्यास ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ब नुसार पाच वर्षांची अपात्रता येऊ शकते. महानगरपालिकांत ती तीन वर्षांची आहे. ही अपात्रता हिशेब मुदतीत व विहित रीतीने न दिल्याबद्दलची आहे. मर्यादा ओलांडल्याचा उल्लेख कलमात नाही. कारणे नोंदवून अपात्रता काढून टाकण्याचा किंवा तिचा कालावधी कमी करण्याचा अधिकार आयोगाला आहे. नांदेड जिल्ह्यातील एका ग्रामपंचायत उमेदवाराच्या अपात्रतेवरून या कलमाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला (२०२०).