गरम इंजिन पाणी ओढून घेतं

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कासहून उतरलो तेव्हा गाडी तांबड्या चिखलाने बरबटली होती. बॉनेट उघडलं तर आतही तेच. पूजेला गाडी लख्ख हवी, म्हणून यवतेश्वर घाट उतरून थेट साताऱ्यातल्या एका वॉशिंग सेंटरवर लावली. पोराने प्रेशर पंपाचा फवारा सरळ इंजिनावर धरला. भसकन वाफ उठली आणि मला वाटलं, वा, काय धुतोय! सकाळी गाडी सुरू झाली, पण थरथरत. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. मेकॅनिकने कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारा भाग) उपसली, तर प्लगच्या खोबणीत चमचाभर पाणी.

"गरम गाडीवर पाणी मारलंत ना, काका?"

खरी मेख त्या 'गरम'मध्येच आहे. चालून आलेल्या इंजिनातलं कूलंट, म्हणजे त्याला गार ठेवणारं पाणी, साधारण 90 अंश सेल्सिअसवर असतं. कॉइलच्या रबरी बुडाखाली आणि वायरी जोडणाऱ्या कपलरमध्ये कोंडलेली हवाही तापते, फुगते, त्यातली थोडी सीलमधून निसटते. त्यावर गार पाणी पडलं की उरलेली हवा झटक्यात आकसते. 90 वरून 30 अंशांवर आली, तर आतला दाब जवळजवळ एक षष्ठांशाने उतरतो. बाहेरची हवा मग सीलच्या कडेवर साचलेलं पाणी आत ढकलते. गरम भाजीचा डबा घट्ट लावला की निवल्यावर झाकण हलत नाही ना, तोच प्रकार.

पण कपलर वॉटरप्रूफ असतात ना? असतात. त्यातल्या बऱ्याच जणांचा दर्जा आयपी67, म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास तग धरायचा. तिथला पाण्याचा दाब 0.1 बार. प्रेशर पंपाच्या तोंडाशी तो सहज 100 बार असतो. लांबून मारला तर फवारा विरतो हे खरं. पण नोझल वीतभर अंतरावर आणून कपलरवर रोखणाऱ्याला कोण समजावणार? साबणाचं पाणी तर आणखी चिवट. साबण पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, त्यामुळे साधं पाणी जिथे थबकतं त्या फटीतही ते शिरतं.

पाणी आत गेलं की दोन वेगळे त्रास होतात. प्लगला हजारो व्होल्टची ठिणगी लागते. ओला पृष्ठभाग मिळाला की वीज प्लगच्या टोकाशी न जाता बाहेरूनच बॉडीला पळते. माझी गाडी मिसिंग करत होती, म्हणजे ठिणगी चुकवत थरथरत होती, ती यामुळे. दुसरा त्रास सावकाश होतो. शुद्ध पाणी विजेचं फार वाईट वाहक, पण बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. 12 व्होल्टच्या वायरीतही ते पिनांमध्ये विद्युत अपघटन घडवतात, तांबं हिरवं पडतं आणि काही महिन्यांनी एखादा सेन्सर उगाचच रुसतो. तोवर धुण्याची आठवण कुणाला असते?

आता मी घरीच धुतो. इंजिनावर हात ठेवता येईल इतकं निवू देतो, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतो. फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर, कॉइल, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि एअर फिल्टरचं तोंड, सगळ्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या. अर्धा चिखल कोरड्या ब्रशनेच जातो. उरलेल्याला शाम्पूचं पाणी, ओलं फडकं आणि हाताने दाबायच्या स्प्रे पंपाचा बारीक फवारा. (शेतावरचा पंप आणू नका, तणनाशकाचा वास आठवडाभर जात नाही.) मग कपलरांना कॉम्प्रेसरची हवा, बॉनेट उघडं ठेवून तासभर ऊन. सुरू करण्याआधी पिशव्या मोजून काढायच्या. एअर फिल्टरच्या तोंडावरची विसरलात तर इंजिनाचा श्वासच कोंडेल. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या उच्च व्होल्टच्या नारिंगी वायरींच्या तर वाटेलाच जायचं नाही.

शेवटी चकाकीसाठी डिझेल मारायची आपल्याकडे रीत आहे. त्याला मात्र मी हात जोडतो. कूलंटचे रबरी पाइप डिझेलने फुगतात, तेलकट थरावर धूळ दुप्पट बसते आणि तापलेल्या सायलेन्सरशेजारी ते पेटूही शकतं. यंदा पूजेला माझं इंजिन जरा मळकटच होतं. झेंडूची माळ बॉनेटवरच घातली.